चार वर्षं भरलेला तलाव

माझं नाव आयुष्यात पहिल्यांदा छापून आलं ते एका चूकदुरुस्तीत. अमुक शोधनिबंधातल्या एका तलावाचे आकडे चुकीचे होते, ती चूक श्री. निमजे यांनी लिहिलेल्या प्रोग्रामची होती आणि ती श्री. निमजे यांनीच शोधून काढली, असं त्यात लिहिलेलं आहे. एका वाक्यात दोनदा नाव. मूळ निबंधात ते एकदाही नव्हतं.

मी तुमसरकडच्या एका महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक होतो. गेल्या वर्षी निवृत्त झालो. आमचं घर विणकरांचं. मोहाडीला माग होते. मागाच्या खडखडाटाने माझं डोकं दुखायचं म्हणून बी.एस्सी. केलं आणि कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत लागलो. तिथे बारा पंखे होते. त्यांतले नऊ वाजत.

कॉलेजात मला सगळे ‘कंप्युटरवाले निमजे’ म्हणत. प्रिंटरमध्ये कागद अडकला की निमजे. परीक्षेचे फॉर्म भरताना साइट बसली की निमजे. एकदा प्राचार्यांचा माउस चालत नाही म्हणून बोलावणं आलं. जाऊन पाहिलं तर ते टेबलावर चष्म्याची डबी फिरवत होते. मी माउस हातात दिला. ते म्हणाले, “आता बरोबर चालून राहिला. काय केलं?” मी म्हणालो, “सेटिंग बदललं सर.”

या सगळ्यातून वेळ काढून मी एक काम करायचो, त्याला नाव नव्हतं. आमच्या भूगोल विभागाच्या वंजारी मॅडम जिल्ह्यातल्या मामा तलावांचा अभ्यास करत. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, जुन्या जमीनदारांनी बांधलेले. आमच्याकडचं धान त्यांच्यावर पिकतं. मॅडमनी बत्तीस तलाव निवडले. प्रत्येक तलावात सेंटिमीटरच्या खुणांची एक पट्टी उभी केली आणि गावातल्या एकाएका माणसाला वाचक नेमलं. वाचकाने रोज सकाळी पट्टीवरचा आकडा पाहायचा आणि मोबाइलवरून आम्हाला कळवायचा. इतकंच.

पण बत्तीस माणसांचे रोजचे आकडे म्हणजे पसारा असतो. कोणी १४५ च्या जागी १४५० लिहितो. कोणी लग्नाला जातो आणि आठवडाभर काहीच लिहीत नाही. या आकड्यांतून चुकलेले वेगळे काढायचे, तलावाच्या आकारावरून पाणी किती ते काढायचं, त्याची रेघ काढायची आणि रोवण्यानंतर, म्हणजे धानाच्या लावणीनंतर, हे पाणी किती दिवस पुरेल ते सांगायचं, हे सगळं करणारा प्रोग्राम मी लिहिला होता. आता याला संशोधनाचं सॉफ्टवेअर म्हणतात हे मला माहीत आहे. तेव्हा कॉलेजात त्याला ‘निमजेची ती फाईल’ म्हणत.

त्या फाईलमधली एक युक्ती मला फार आवडायची. एखाद्या दिवशी आकडा आला नाही तर प्रोग्राम शेजारच्या दोन तलावांकडे पाहून तो अंदाजाने भरायचा. त्यामुळे रेघ तुटत नसे. मॅडम खूश होत्या. मीही होतो.

एके दिवशी मॅडमनी मला एक ईमेल दाखवला. एक वर्षाची फेलोशिप होती. ती संशोधकांसाठी नव्हती. संशोधकांचं सॉफ्टवेअर जे लिहितात, सांभाळतात, त्यांच्यासाठी होती. “हे तुमच्या कामाचं दिसून राहिलं, निमजे,” त्या म्हणाल्या. “भरून टाका फॉर्म.” मी चौपन्न वर्षांचा होतो. फेलोशिप हा शब्द मी तोवर दुसऱ्यांच्या नावापुढे टाइप केला होता.

फॉर्ममध्ये विचारलं होतं, या संशोधनात तुमचं काम काय? मी लिहिलं, ‘मॅडमना मदत करतो.’ मुलाखत स्क्रीनवर झाली. समोर पुण्याची रेवती होती. वय तेहतीस. पुढे वर्षभर तीच माझी मार्गदर्शक होती. तिने विचारलं, “निमजे काका, हा प्रोग्राम कोणी लिहिला?”

“मी.”

“अजून कोणी?”

“नाही.”

“तो बंद पडला तर कोण चालू करतं?”

“मी.”

“मग यात कोण कोणाला मदत करतंय?”

मॅडम शेजारच्या खोलीत होत्या आणि भिंत पातळ होती.

निवड झाली. का झाली ते मी विचारलं नाही, कारण विचारलं तर रद्द करतील असं वाटलं. दर गुरुवारी दुपारी दोन तास आम्ही पंधरा जण स्क्रीनवर जमत असू. बाकीचे चौदा मला माझ्यापेक्षा शहाणे दिसत. कोणी ताऱ्यांच्या फोटोंचं सॉफ्टवेअर सांभाळत होतं, कोणी रक्ताच्या तपासण्यांचं. बैठक सुरू झाली की आधी एक फेरी व्हायची. गेल्या आठवड्यात माझं काय चुकलं, ते प्रत्येकाने सांगायचं. पहिल्याच गुरुवारी एक पीएच.डी. झालेल्या बाई शांतपणे म्हणाल्या की त्यांच्या प्रोग्रामने तीन महिने रात्रीला दिवस धरलं होतं. कोणी त्यांना बोललं नाही. एकाने विचारलं, “कशामुळे कळलं?” आणि सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मी सत्तावीस वर्षं नोकरी केली होती. चूक सांगितल्यावर कोणी वहीत लिहून घेतं, आणि तेही मेमो काढण्यासाठी नाही, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, “माझं काही चुकलं नाही.” असं मी सात गुरुवार म्हणालो. आठव्या गुरुवारी माझा प्रोग्राम सगळ्यांसमोर उघडून वाचायचा होता. फेलोशिपमध्ये हे प्रत्येकाला करावं लागतं. लिहिलेली एकेक ओळ दुसरे वाचतात आणि प्रश्न विचारतात. मी नवा शर्ट घातला होता. माझ्या आवडत्या युक्तीपाशी आलो तेव्हा आसामचा एक जण, हत्तींच्या नोंदींचं सॉफ्टवेअर सांभाळणारा, हिंदीत म्हणाला, “दादा, कुल कितने दिन ऐसे भरे हुए हैं? किस तालाब में कितने?”

मी ते कधी मोजलं नव्हतं. “बहुत कम,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मोजले. एकतीस तलावांत खरंच कमी होते. बत्तिसावा तलाव आंबागडच्या बाजूच्या एका खेड्यातला. त्यात चार वर्षांतला प्रत्येक दिवस भरलेला होता. म्हणजे त्या तलावाचा एकही खरा आकडा आम्ही कधी वापरलाच नव्हता. आणि बत्तीस रेघांत सगळ्यात गुळगुळीत रेघ त्याचीच. मॅडम व्याख्यानात उदाहरण म्हणून नेहमी तीच दाखवत.

त्या तलावाच्या वाचक कौसल्याबाई भोयर. पन्नाशीच्या, धानाची शेती करणाऱ्या. बाई आकडेच पाठवत नाहीत असा माझा समज होता. तीन वर्षांपूर्वी मी त्यांना फोनही केला होता. “बाई, रोज पाठवत जा,” म्हणालो होतो. त्या म्हणाल्या होत्या, “रोजच पाठवतो जी.” मी मनात म्हटलं, सगळे असंच म्हणतात. सगळ्यात नियमित वाचकांना आम्ही दरवर्षी प्रमाणपत्र देत असू. नावं प्रोग्रामच काढायचा. कौसल्याबाईंचं नाव कधी निघालं नाही.

मोबाइलवरून आलेल्या आकड्यांची एक कच्ची फाईल असते. ती मी चार वर्षांत उघडली नव्हती, कारण प्रोग्राम ती आपणच उघडायचा. आता उघडली. कौसल्याबाईंचे आकडे तिथे होते. रोजचे. १४२, १४१, १४१, १३९. एकही दिवस सुटलेला नव्हता. बत्तीस वाचकांत असा दुसरा माणूस नव्हता. फक्त बाकीचे एकतीस जण इंग्रजी आकडे लिहीत आणि कौसल्याबाई मराठी. माझ्या प्रोग्रामला मराठी आकडे ओळखू येत नव्हते. त्याने ते रिकामी जागा समजून बाजूला ठेवले आणि शेजारच्या तलावांचं पाणी आणून तिथे भरलं.

मराठी आकडे शिकवायला एक ओळ पुरली. तीस मिनिटांचं काम. मग खरी रेघ निघाली. दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला ती उतारावरून घसरल्यासारखी खाली येत होती. तलाव गळत होता. आम्ही तो चार वर्षं भरलेला दाखवला. त्यातल्या सुरुवातीच्या आकड्यांवरून मॅडमचा निबंध छापून आला, अहवाल जिल्ह्यात गेला आणि दुरुस्तीच्या तलावांची यादी झाली. हा तलाव यादीत नव्हता. शेरा होता, ‘स्थिती समाधानकारक’.

गुरुवारी पाळी आली. मी म्हणालो, “माझं चुकलं,” आणि सगळं सांगितलं. आसामचा तो माणूस म्हणाला, “दादा, अच्छा हुआ आपने गिना।” बैठक संपल्यावर रेवती एकटी थांबली. “काका, मॅडमना कधी सांगताय?”

“पाहतो.”

“आणि ज्या बाईंनी आकडे पाठवले, त्यांना?”

मी म्हणालो, “त्यांना काय सांगायचं? आता दुरुस्त झालं ना.”

ती काही बोलली नाही. स्क्रीनवर माणूस गप्प बसला की नेट गेलं असं वाटतं. नेट होतं.

रविवारी गेलो. कौसल्याबाई पारीवर होत्या. पार म्हणजे तलावाचा बांध. मी सगळं सांगितलं, शक्य तितकं सोपं करून. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग विचारलं, “म्हंजे भाऊ, चार वरस मी रोज सकारी येऊन लिवून राहिली, ते कोनी वाचलंच नाई?”

“नाही.”

“माह्या पोरीच्या लग्नाच्या दिवशी बी आली होती. हळदीच्या हातानं.”

“फाईलमध्ये आहे तो आकडा,” मी म्हणालो.

“आन तुमच्या कागदात तलाव भरला होता?”

“हो.”

त्यांनी मला पारीच्या त्या टोकाला नेलं. तिथे तुडूम आहे, तलावातलं पाणी शेतात सोडायची मोरी. दगड खचले होते आणि बंद असूनही पाणी एकसारखं वाहत होतं. “हे पहा. हे दर साली सांगतो आम्ही. साहेब लोक म्हनतात, अहवालात तर पानी दिसून राहिलं.”

मी त्यांना सुचवलं की यापुढे इंग्रजी आकडे लिहिले तर पुन्हा कधी घोटाळा होणार नाही. प्रोग्राम दुरुस्त झाला होता, पण अंगवळणी पडलेली सवय. चूक आपली असली तरी बदल समोरच्याने करावा असं वाटतं.

“काहून?” त्या म्हणाल्या. “मले मराठीच आकडे येतेत. तुमच्या मशीनले शिकवा.”

“शिकवलं आहे.”

“मंग झालं. आता सांगा, यादीत आमचा तलाव येते का नाई?”

ते माझ्या हातात नव्हतं. तसं सांगणार होतो, पण सांगितलं नाही. “मॅडमशी बोलतो,” म्हणालो. बोलतो म्हटलं की बोलावं लागतं.

सोमवारी चार वाजता मी जुनी आणि नवी अशा दोन्ही रेघा छापून मॅडमच्या खोलीत गेलो. मॅडमनी नवी उचलली. “हा कोणता तलाव?”

“तोच.”

मी सांगितलं. त्यांनी चहा बाजूला सारला. “निमजे, निबंध छापून दोन वर्षं झाली. अहवाल गेला, यादी झाली. आणि तुम्ही आज मला सांगून राहिले की तलावात पाणीच नव्हतं?”

“होतं मॅडम. दिवाळीपर्यंत.”

“किती लोकांना सांगितलं?”

“फेलोशिपमधल्या सगळ्यांना. आणि कौसल्याबाईंना.”

त्यांनी जुनी रेघ नवीवर ठेवून पाहिली. मग म्हणाल्या, “ठीक आहे. या वर्षीपासून बरोबर करून टाका. मागचं राहू द्या.”

इथे मी ‘बरं मॅडम’ म्हणायला हवं होतं. या दोन शब्दांवर माझी सत्तावीस वर्षांची नोकरी झाली होती. मी म्हणालो, “नाही मॅडम.”

त्यांनी वर पाहिलं. मीही थोडा दचकलो होतो.

“मागचं राहू दिलं तर यादी पण तशीच राहील,” मी म्हणालो. “निबंधाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. प्रोग्राम माझा आहे. त्यात काय चूक होती ते मी लिहून सगळ्यांना दिसेल असं ठेवणार.”

“तुम्ही लॅब असिस्टंट आहात, निमजे.”

“हो मॅडम.”

मी बाहेर आलो. पाय लटलटत होते. फेलोशिपने धीर येतो असं त्यांच्या पत्रकात लिहिलं होतं. धीर आल्यावर पाय लटलटत नाहीत असं मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं. पत्रक बरोबर होतं.

नऊ दिवस मॅडम माझ्याशी बोलल्या नाहीत. काम असलं तर शिपायाबरोबर चिठ्ठी येई. चिठ्ठीवर ‘निमजे’च्या आधी ‘श्री.’ असायचं, त्यावरून राग किती आहे ते कळत होतं. दहाव्या दिवशी त्या स्वतः प्रयोगशाळेत आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. विद्यार्थ्यांच्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, “कच्ची फाईल उघडा.”

तासभर त्या कौसल्याबाईंचे आकडे खाली खाली सरकवत वाचत होत्या. मग म्हणाल्या, “मी एका भाषणात म्हटलं होतं, गावातले काही वाचक बेफिकीर असतात. या बाईंचंच उदाहरण दिलं होतं.”

“दुरुस्ती छापायला पाठवते,” त्या म्हणाल्या. “तुमचं नाव टाकू, की ‘तांत्रिक कारणामुळे’ लिहू?”

“नाव टाका मॅडम.”

छापून आली, ती ही दुरुस्ती. तलावांच्या कामाची जिल्ह्याची एक बैठक होती, तिथे मॅडमनी स्वतः न बोलता मला उभं केलं. मी आधी घरी आरशासमोर चार वेळा बोलून पाहिलं होतं. तिथे गेल्यावर पहिलं वाक्य विसरलो म्हणून दुसऱ्यापासून सुरुवात केली. कोणाच्या लक्षात आलं नाही. बैठकीतले एक साहेब समजुतीने म्हणाले, “म्हणजे चूक कंप्युटरची आहे. तुम्ही कायले मनाला लावून घेता?” मी म्हणालो, “साहेब, कंप्युटरने मी सांगितलं तेच केलं. चूक माझी आहे.” ते थोडे नाराज झाले. कंप्युटरवर टाकली असती तर विषय तिथेच संपला असता.

त्या वर्षीची यादी बंद झाली होती. तलाव पुढच्या वर्षीच्या यादीत आला आणि तुडूम नवीन झालं. गाळ अजून तसाच आहे. पण मधलं एक वर्ष गेलं ते गेलं. त्या वर्षी तलावापासून सगळ्यात लांबच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या शेतांना, पाणी पोचलं नाही आणि धान लोंबीवर असताना वाळलं. त्यांतल्या दोन बांध्या कौसल्याबाईंच्या होत्या. हे त्यांनी मला सांगितलं नाही. गावातल्या दुसऱ्याकडून कळलं. त्यानंतरही त्यांचा सकाळचा आकडा एक दिवस चुकला नाही. नियमित वाचकाचं प्रमाणपत्र मी स्वतः घेऊन गेलो. त्यांनी वाचलं आणि विचारलं, “यावर तारीख इंग्रजीत काहून आहे?” मी परत आणलं आणि मराठीत करून दिलं.

फेलोशिपच्या शेवटी प्रत्येकाने आपल्या भागात काहीतरी सुरू करायचं होतं. मी आसपासच्या कॉलेजांतल्या प्रयोगशाळा सहायकांना तीन दिवस बोलावलं. नऊ जण आले. मी माझाच प्रोग्राम भिंतीवर दाखवला आणि म्हणालो, यात चुका शोधा. पहिला दिवस सगळे माझ्या चांगुलपणाचं कौतुक करत होते. दुसऱ्या दिवशी दोघांनी बिचकत एकेक चूक काढली. गोंदियाकडून आलेली शुभांगी तीन दिवस मागच्या बाकावर बसली होती. तिने तोंड उघडलं ते हजेरीला. निवृत्तीच्या वेळी प्रोग्राम सांभाळायला कोणीतरी हवं होतं. आठ जणांना वेळ नव्हता. शुभांगी म्हणाली, “मी पाहीन.” मला फारशी आशा नव्हती.

यंदा उन्हाळ्यात तिचा ईमेल आला. नमस्कार झाल्यावर पहिलं वाक्य होतं, ‘सर, तुमच्या प्रोग्राममध्ये चूक आहे.’ माफ करा नाही, कदाचित नाही. तलाव पूर्ण कोरडा पडला की वाचक शून्य लिहितो. माझा प्रोग्राम त्या शून्याला रिकामी जागा समजत होता आणि शेजारून पाणी आणून भरत होता. खाली सात तलावांची यादी होती, तारखांसकट. तिने मोजलं होतं.

वाचून आनंद झाला असं इथे लिहिणं बरं दिसलं असतं. दोन दिवस वाईट वाटलं. चार वर्षांची एक चूक काढताना त्याच ओळीच्या खाली बसलेली दुसरी मला दिसली नव्हती. तिसऱ्या दिवशी तिचा पुन्हा ईमेल आला, ‘दुरुस्ती तुम्ही करता की मी करू?’

मी लिहिलं, तू कर, आणि तुझ्या नावाने कर. संध्याकाळपर्यंत तिने करून पाठवली. मी ओळ न ओळ तपासली. मी केली असती तर सहा ओळी लागल्या असत्या. तिच्या चार होत्या. सातही तलाव कोरडे दिसत होते.